लेखकांच्या अभ्यासवृत्ती आणि वांशिक न्याय : अमेरिकेतील अनुभवाचा विचार

लेखकाला मिळणारे साहाय्य स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. लिहून झालेल्या ग्रंथाबद्दल मिळते ते पारितोषिक, आणि अद्याप लिहावयाच्या ग्रंथासाठी मिळते ती अभ्यासवृत्ती किंवा अनुदान. पारितोषिकाच्या बाबतीत अन्याय झाला तरी ग्रंथ वाचकांसमोर असतो. त्याचे मोल आज ना उद्या ठरते. अभ्यासवृत्तीच्या बाबतीत अन्याय झाला तर पुष्कळदा ग्रंथच जन्मास येत नाही, आणि जो ग्रंथ लिहिलाच गेला नाही त्याच्या वतीने दाद मागण्यास कोणी उरत नाही. या कारणाने अभ्यासवृत्तीच्या वाटपातील न्यायाचा प्रश्न पारितोषिकांच्या प्रश्नाहून अधिक अवघड आहे.

या प्रश्नाचा वांशिक अंगाने विचार करावयाचा तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते. तेथे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून खाजगी न्यासांनी लेखकांना पद्धतशीर साहाय्य देण्यास आरंभ केला. त्याच काळात शाळा, वसतिगृहे, आगगाड्या आणि ग्रंथालये यांतील वर्णविभागणीस दक्षिणेकडील राज्यांत कायद्याचा आधार होता. अशा समाजात गुणवत्तेनुसार साहाय्य द्यावयाचे म्हणजे काय करावयाचे, याची निरनिराळी उत्तरे निरनिराळ्या संस्थांनी दिली. त्या उत्तरांची तुलना केल्यास न्याय कोठे साधतो व कोठे निसटतो हे बरेचसे स्पष्ट होते.

१. आश्रय आणि अभ्यासवृत्ती

अभ्यासवृत्ती सार्वत्रिक होण्यापूर्वी लेखकाचा मुख्य आधार म्हणजे धनिकाचा आश्रय. न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या वाङ्मयीन चळवळीत शार्लट ऑसगुड मेसन या वृद्ध व श्रीमंत गौरवर्णीय बाईंनी अनेक कृष्णवर्णीय लेखकांना व कलावंतांना आश्रय दिला. डिसेंबर १९२७ मध्ये झोरा नील हर्स्टन यांच्याशी त्यांनी लेखी करार केला. त्या करारान्वये हर्स्टन यांना दरमहा २०० डॉलर मिळावयाचे होते आणि त्यांनी दक्षिणेत फिरून कृष्णवर्णीयांच्या लोककथा व लोकगीते गोळा करावयाची होती. मात्र गोळा केलेल्या साहित्याची मालकी मेसनबाईंकडे राहावयाची होती. त्यांच्या अनुमतीवाचून ते प्रसिद्ध करण्याची मुभा हर्स्टन यांना नव्हती. कवी लँग्स्टन ह्यूझ यांनाही याच बाईंचे मासिक साहाय्य होते. कृष्णवर्णीय माणूस मुळात आदिम, निसर्गाला जवळचा, आणि त्याने तसेच लिहावे, अशी बाईंची दृढ समजूत होती. १९३० मध्ये ह्यूझ यांचे त्यांच्याशी संबंध तुटले.

या आश्रयात औदार्य नव्हते असे म्हणता येणार नाही. हर्स्टन यांचे लोकसाहित्य-संकलन त्यावाचून झाले नसते. तथापि आश्रयदात्याच्या मनात लेखकाच्या वंशाविषयी जी प्रतिमा असते, ती साहाय्याबरोबर लेखकावर लादली जाते. साहाय्य मिळूनही अन्याय होऊ शकतो तो असा. अभ्यासवृत्तीची कल्पना या ठिकाणी आश्रयाहून वेगळी पडते. तीत रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, निवड करणारे मंडळ एकाहून अधिक व्यक्तींचे, आणि लिहिलेल्या ग्रंथावर दात्याचा कसलाही हक्क नाही.

२. घोषणेतील समता

या कल्पनेला मोठे संस्थात्मक रूप दिले ते गुगेनहाइम न्यासाने. कोलोराडोचे माजी सिनेटर सायमन गुगेनहाइम व त्यांच्या पत्नी ओल्गा यांनी १९२२ मध्ये निधन पावलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ १९२५ मध्ये हा न्यास स्थापन केला. वंश, वर्ण व धर्ममत यांवरून भेद न करता अभ्यासवृत्ती द्याव्यात, असे संस्थापकांनी आरंभीच लिहून ठेविले. त्या काळाच्या मानाने ही घोषणा सामान्य नव्हती, आणि ती केवळ कागदावरही राहिली नाही. वॉल्टर व्हाइट, काउंटी कलन, एरिक वॉल्रंड, नेला लार्सन, लँग्स्टन ह्यूझ, हर्स्टन, स्टर्लिंग ब्राउन आणि रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकांना १९३९ पर्यंत ही वृत्ती मिळाली. हर्स्टन यांनी आपली प्रसिद्ध कादंबरी ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) हैतीमध्ये लिहिली ती या वृत्तीच्या काळात. राइट यांना ‘नेटिव्ह सन’ (१९४०) पूर्ण करण्यास १९३९ च्या वृत्तीचे साहाय्य झाले.

तरीही घोषणेतील समता आणि संधीतील समता या दोन वेगळ्या गोष्टी होत. गुगेनहाइमच्या पद्धतीत उमेदवाराने आपली योजना मांडावयाची आणि मान्यवरांची शिफारसपत्रे द्यावयाची असतात. शिफारसपत्र हा वरकरणी निरुपद्रवी दिसणारा नियम आहे. परंतु ज्याच्या शिफारसीला वजन आहे असा प्राध्यापक, संपादक वा प्रकाशक उमेदवाराच्या ओळखीचा असावा लागतो. आणि ज्या समाजात विद्यापीठे व प्रकाशनसंस्था बहुतांशी एकाच वर्णाच्या हाती असतात, तेथे ही ओळख सर्वांना सारखी मिळत नाही. यामुळे न्यासाने कोणताही भेद न करताही समाजातील भेद शिफारसपत्रांच्या वाटेने निवडीत शिरतो. वर दिलेल्या नामावलीतील बहुतेकांना न्यूयॉर्कमधील प्रकाशन-वर्तुळाशी संबंध जोडता आले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेविली पाहिजे. ज्यांना ते जोडता आले नाहीत त्यांची नामावली कोणाजवळच नाही.

नेला लार्सन यांचे उदाहरण दुसऱ्या एका मर्यादेकडे लक्ष वेधते. दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्यावर १९३० मध्ये त्यांना ही वृत्ती मिळाली. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. त्या स्पेन व फ्रान्समध्ये राहिल्या, लिहीत राहिल्या. परंतु तेथे लिहिलेली कादंबरी प्रकाशकाने स्वीकारली नाही आणि त्यानंतर त्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. एका वर्षाची वृत्ती लेखकाला वेळ देते; प्रकाशक, समीक्षक आणि पुढील उपजीविका देत नाही. ज्याच्या पाठीशी इतर आधार आहेत त्याला ती पायरी ठरते, आणि ज्याच्या पाठीशी ते नाहीत त्याला ती पुष्कळदा केवळ विसावा ठरते.

३. राखीव निधी

दुसरे उत्तर ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या निधीने दिले. सिअर्स रोबक या व्यापारी पेढीचे प्रमुख असलेल्या रोझेनवाल्ड यांनी १९१७ मध्ये हा निधी उभारला. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा बांधण्यास त्यांचे साहाय्य झाले, हे सर्वश्रुत आहे. १९२८ पासून या निधीने लेखक, कलावंत व संशोधक यांना अभ्यासवृत्ती देण्यास आरंभ केला. त्या मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी होत्या. पुढे दक्षिणेतील काही गौरवर्णीय उमेदवारांचाही त्यांत समावेश झाला. जेम्स वेल्डन जॉन्सन, लँग्स्टन ह्यूझ, आर्ना बाँटेम्प्स, मार्गारेट वॉकर, राल्फ एलिसन आणि जेम्स बॉल्डविन ही त्यांतील काही नावे. एलिसन यांना ही वृत्ती १९४५ मध्ये मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांनी ‘इन्व्हिजिबल मॅन’ लिहावयास घेतली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. बॉल्डविन यांनी १९४८ च्या वृत्तीच्या पैशातून पॅरिसचे तिकीट काढले.

राखीव निधीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, वेगळा निधी म्हणजे वेगळा आणि म्हणून खालचा निकष. वरील नावे पाहता हा आक्षेप टिकत नाही. येथे राखीव होते ते स्पर्धेचे क्षेत्र. निकष शिथिल नव्हता. शिफारसीच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या लेखकाचा अर्ज प्रथम वाचला तरी जावा, एवढीच व्यवस्था या निधीने केली होती. त्यामुळे सर्वांसाठी खुल्या असलेल्या न्यासांनाही पुढे अधिक उमेदवार उपलब्ध झाले. बॉल्डविन यांना १९५४ मध्ये गुगेनहाइम वृत्ती मिळाली, हे याचे एक उदाहरण होय.

परंतु राखीव निधीलाही दात्याच्या इच्छेपासून मुक्ती नसते. १९३४ च्या अखेरीस या निधीने हर्स्टन यांना कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी दोन वर्षांचे मिळून ३,००० डॉलर देऊ केले होते. त्यांची अभ्यासयोजना पुरेशी नाही असे ठरवून निधीचे अध्यक्ष एडविन एम्ब्री यांनी पुढे ते वचन काही महिन्यांच्या ७०० डॉलरांवर आणले. निधीचा हेतू सद्भावाचा होता याविषयी शंका नाही. मात्र दिलेले वचन फिरविण्याचा अधिकार एकाच बाजूकडे राहिला म्हणजे वृत्तीला पुन्हा आश्रयाचे रूप येते. शिवाय, न्यास चिरंजीव असू नयेत या रोझेनवाल्ड यांच्या मतानुसार निधी खर्चून टाकण्यात आला आणि १९४८ मध्ये तो बंद झाला. राखीव साहाय्य हे मुदतीचे साहाय्य, ही त्यामागील धारणा. परंतु ज्या कारणासाठी ते सुरू झाले ते कारण त्या मुदतीत नाहीसे झाले नव्हते.

४. कारण न देता दिलेला नकार

तिसरे उदाहरण रोम येथील अमेरिकन अकादमीच्या वाङ्मयवृत्तीचे. लेखकाने एक वर्ष रोममध्ये राहून लिहावे अशी ही योजना. त्यासाठी न्यूयॉर्कमधील कला-साहित्य अकादमीचे मंडळ नाव सुचवीत असे आणि रोमची अकादमी त्याला मान्यता देत असे. १९६२ मध्ये या मंडळाने कादंबरीकार जॉन ए. विल्यम्स यांचे नाव एकमताने सुचविले. रोमच्या अकादमीच्या संचालकांशी भेट व्हावयाची होती. ती केवळ उपचार मानली जात असे. भेट झाली आणि विल्यम्स यांना नकार कळविण्यात आला. सुचविलेले नाव नाकारले जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. कारण देण्यात आले नाही. भरपाई म्हणून देऊ केलेले २,००० डॉलरांचे अनुदान विल्यम्स यांनी स्वीकारले नाही. त्यांच्याऐवजी कवी अॅलन डुगन यांची निवड झाली, आणि डुगन यांनी समारंभातच या प्रकरणाचा जाहीर उच्चार केला.

आपल्या वर्णामुळे हे घडले अशी विल्यम्स यांची खात्री होती. उलट पक्षी असे दाखविता येते की, याच अकादमीत १९५५ ते १९५७ या काळात राल्फ एलिसन राहिले होते. तेव्हा कृष्णवर्णीय लेखकाला तेथे सरसकट मज्जाव नव्हता. हा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा असला तरी निर्णायक नाही. एका कृष्णवर्णीयाला प्रवेश मिळाला यावरून दुसऱ्याच्या बाबतीत वर्णाचा विचार झाला नाही असे सिद्ध होत नाही. आणि नकार मिळाला एवढ्यावरून वर्णाचा विचार झालाच असेही सिद्ध होत नाही. या प्रकरणाचे खरे तात्पर्य येथेच आहे. ज्या पद्धतीत निर्णयाची कारणे नोंदली जात नाहीत, त्या पद्धतीत अन्यायाचा आरोप सिद्ध करता येत नाही आणि निर्दोषत्वही सिद्ध करता येत नाही. ग्रंथ वाचून झालेला एकमताचा निर्णय एका भेटीने फिरावा, आणि त्या भेटीत काय तोलले गेले हे कोणास कळू नये, हा पद्धतीचाच दोष होय.

५. शासकीय निधी व निनावी वाचन

शासनाच्या साहाय्याचा इतिहास दोन टप्प्यांचा आहे. मंदीच्या काळात १९३५ मध्ये सुरू झालेल्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टने बेकार लेखकांना काम दिले. राइट, एलिसन, वॉकर व हर्स्टन यांनी त्यात काम केले. पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक आठवणी याच योजनेत नोंदल्या गेल्या. तथापि फेब्रुवारी १९३७ मध्ये तिच्यातील सुमारे ४,५०० लेखनिकांपैकी कृष्णवर्णीय केवळ १०६ होते. नेमणुका राज्यांच्या कचेऱ्यांतून होत असत, आणि स्थानिक वर्णभेद तेथेच आड येत असे.

दुसरा टप्पा १९६५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या संस्थेचा. तत्पूर्वी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने संघराज्याच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कार्यात वंश, वर्ण व मूळ राष्ट्र यांवरून भेद करण्यास मनाई केली होती. या संस्थेने सर्जनशील लेखनाच्या वृत्तींसाठी जी पद्धत रूढ केली तिची दोन अंगे होती. हस्तलिखितावर लेखकाचे नाव नसे. परीक्षकांनी केवळ मजकुरावरून निर्णय द्यावयाचा असे. दुसरे अंग असे की, परीक्षकमंडळात निरनिराळ्या प्रदेशांचे, वंशांचे व कलादृष्टींचे लोक असावेत आणि तेच ते लोक वर्षानुवर्षे राहू नयेत, असे बंधन कायद्यानेच घातले. २०२५ मध्ये संस्थेने २०२६ सालासाठीची ही लेखनवृत्ती रद्द केली. परंतु त्यापूर्वीच्या अनेक वर्षांच्या अनुभवाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

निनावी वाचनाने शिफारस, ओळख आणि नाव यांचे वजन नाहीसे होते, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याच्याही दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा पात्रतेची. अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराचे ठराविक लेखन मान्य नियतकालिकांत वा ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले असावे लागे. प्रकाशनाच्या दारात जो अडला, त्याचे निनावी हस्तलिखित परीक्षकांपर्यंत पोचतच नाही. दुसरी मर्यादा अभिरुचीची. नाव झाकता येते, भाषा झाकता येत नाही. एखाद्या समाजाची बोली, तिची लय, तिचे संदर्भ परीक्षकाला अपरिचित असले तर तो त्यांना लेखनातील उणीव समजण्याचा संभव असतो. हर्स्टन यांच्या कादंबरीतील बोलीवर त्यांच्या हयातीत कृष्णवर्णीय समीक्षकांकडूनही कठोर टीका झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ परीक्षकाच्या वर्णाचा नसून त्याच्या वाचनाच्या व्याप्तीचाही आहे हे पटते. मंडळाच्या रचनेविषयीचे बंधन निनावी वाचनाला पूरक ठरते ते याच कारणाने.

६. मोजणीचा प्रश्न

न्याय झाला की नाही हे आकड्यांनी ठरवावे असे सहज सुचते. परंतु आकडा कशाशी ताडावयाचा हे आधी ठरविले पाहिजे. केवळ कल्पनेसाठी एक उदाहरण घ्यावे. एका न्यासाकडे १,००० अर्ज आले. त्यांपैकी ५० कृष्णवर्णीय लेखकांचे होते. एकूण ४० वृत्ती दिल्या गेल्या. त्यांपैकी २ त्यांना मिळाल्या. अर्जदारांशी ताडले तर दोन्ही गटांत यशाचे प्रमाण शेकडा ४ येते आणि निवड निर्दोष दिसते. परंतु देशातील लेखकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा १० असेल, तर अर्ज मात्र शेकडा ५ च का आले, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर परीक्षकांच्या खोलीत सापडणार नाही. जाहिरात कोठे झाली, पात्रतेची अट काय होती, पूर्वीचे नकार ऐकून किती जणांनी अर्जच केला नाही, येथे ते शोधावे लागेल. लेखकसंख्येऐवजी लोकसंख्येशी ताडले तर प्रश्न आणखी मागे, शाळेपर्यंत जातो. असे प्रत्येक प्रमाण साखळीतील वेगळ्या दुव्याची परीक्षा करते. एकाचा दोष दुसऱ्यावर लादणे ही चूक होय. शिवाय एका वर्षी २ च्या ऐवजी १ किंवा ३ वृत्ती मिळणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून एका वर्षाच्या यादीवरून निष्कर्ष काढू नये. दहा-वीस वर्षांची, नाकारलेल्या अर्जांसह ठेविलेली नोंद पाहावी.

७. कायद्याची अलीकडील मर्यादा

राखीव निधीचा मार्ग आज अमेरिकेत पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या प्रकरणांत प्रवेशाच्या वेळी वंशाचा विचार करण्याची पद्धत अवैध ठरविली. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने आपल्या निबंधात लिहिल्यास ते विचारात घेता येईल, असेही न्यायालयाने म्हटले. जून २०२४ मध्ये अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाने एका खाजगी निधीची केवळ कृष्णवर्णीय स्त्री-उद्योजकांसाठी असलेली २०,००० डॉलरांची अनुदानयोजना २ विरुद्ध १ मताने थांबविली. अनुदानस्पर्धा हा एक प्रकारचा करार आहे आणि १८६६ च्या कायद्यानुसार करारात वंशभेद करता येत नाही, ही त्यामागील भूमिका. मुळात तो कायदा नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून झाला होता. हा निर्णय लेखकांविषयीचा नसला तरी लेखकांना राखीव अनुदान देणाऱ्या खाजगी न्यासांना त्याची दखल घ्यावी लागते.

मध्यंतरी एक चौथा मार्गही रूढ झाला होता. पैशापेक्षा सहवास व मार्गदर्शन देणाऱ्या संस्था लेखकांनी स्वतःच उभारल्या. टॉई डेरिकॉट व कॉर्नेलियस ईडी या कवींनी १९९६ मध्ये कृष्णवर्णीय कवींसाठी स्थापन केलेली ‘केव्ह केनम’ ही त्यांतील अग्रगण्य संस्था. तिच्या शिबिरांतून गेलेल्या कवींपैकी नताशा ट्रेथवे (२००७), ट्रेसी के. स्मिथ (२०१२) आणि टायहिंबा जेस (२०१७) यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. येथे निवड करणारे व निवडले जाणारे यांच्यामध्ये अपरिचयाची भिंत नसते, आणि म्हणून शिफारसीचा प्रश्नही उद्भवत नाही.

८. मराठी वाचकाच्या दृष्टीने

वंश आणि जाती या एक नव्हेत. एकीचे निष्कर्ष दुसरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध केवळ तर्काचा नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. ती तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, अशी तिच्याबरोबर अट होती. १९१६ मध्ये त्यांनी तेथे वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध हे त्या साहाय्याचे एक फळ होय. पुढे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरून घेतले, आणि दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीय साहित्याचा दाखला वारंवार येत राहिला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देण्याची योजनाही या संदर्भात लक्षणीय आहे. वर ज्याला पात्रतेचा उंबरठा म्हटले, तो ओलांडण्यास अशा साहाय्याचा थेट उपयोग होतो.

एकंदरीत अमेरिकेच्या शतकभराच्या अनुभवावरून असे दिसते की, वांशिक न्याय हा कोणत्याही एका नियमात साठविलेला नसतो. घोषणा भेदरहित असली तरी शिफारस भेद आणते. शिफारस काढून टाकली तरी पात्रतेची अट तो आणते. निनावी वाचनाने नाव झाकले तरी अभिरुची उघडीच राहते. राखीव निधीने दार उघडले तरी दात्याची मर्जी त्यावर पहारा करते. म्हणून कोणत्याही वृत्तीची परीक्षा करताना पुढील प्रश्न क्रमाने विचारले पाहिजेत : तिची वार्ता कोणापर्यंत पोचते, अर्ज कोण करू शकतो, वाचणारे कोण आहेत, निर्णयाची कारणे नोंदली जातात काय, दिलेले वचन कोणाला फिरविता येते, आणि वृत्ती संपल्यावर लेखकाचे काय होते. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर केवळ निवडलेल्यांच्या यादीत सापडत नाही. ते शोधावयाचे तर नाकारलेल्या अर्जांची दप्तरे उघडावी लागतात. आणि ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी त्याहूनही पलीकडे जावे लागते. न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचा काही मागमूस लागणे शक्य असेल तर तो तेथेच लागेल.